आहे, पण मिळणार नाही

भेटवस्तूंचं दुकान काढून, त्यातली एकही वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती पडू नये म्हणून जिवाचं रान करणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे अण्णा पोतनीस. पनवेलच्या खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर ते आणि मालतीकाकू राहत. आम्ही बरोब्बर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, भाड्याने. अण्णा शिंकले की आमच्याकडे कळायचं, आणि आमच्याकडे खुर्ची सरकली की अण्णा खालून ओरडायचे, "उचलून ठेवा! फरफटवू नका! मालाचं आयुष्य कमी होतं!" खुर्ची आमची होती, पण जगातला सगळा माल आपल्याच ताब्यात आहे असं अण्णांना वाटायचं.

वाटणारच. सगळी नोकरी त्यांनी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून केली होती. स्टोअरच्या खिडकीपाशी फिटर यायचे, वेल्डर यायचे, कधी मोठे साहेबसुद्धा यायचे. कुणाला बोल्ट हवा, कुणाला हातमोजे. अण्णा चष्मा कपाळावर ढकलायचे, समोरच्याला आपादमस्तक न्याहाळायचे आणि म्हणायचे, "आहे. पण मिळणार नाही." मग मागणीची चिठ्ठी, तिच्यावर सही, त्या सहीखाली आणखी एका साहेबाची सही. एवढं झालं की अण्णा आत जायचे आणि पोटची पोर सासरी धाडावी तसा एक बोल्ट बाहेर आणून द्यायचे. हे मला काकूंनी सांगितलं. मी त्यावर आधी विश्वास ठेवला नव्हता. नंतर ठेवावा लागला.

निवृत्त झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सोडून दोघं आमच्या बिल्डिंगमध्ये आली. येताना टेम्पोतून सगळं सामान आलं, पण एक वस्तू अण्णांनी मांडीवर घेऊन आणली. ती म्हणजे शिसवी लाकडाचा एक वीतभर उंचीचा हत्ती. सोंड वर, कान पसरलेले, चेहऱ्यावर किंचित मिस्कील भाव. निरोपसमारंभात स्टोअरच्या खलाशांनी, म्हणजे माल उचलणाऱ्या मदतनिसांनी, वर्गणी काढून दिलेला. साहेब लोकांनी शाल आणि नारळ दिला होता. नारळाची काकूंनी बर्फी केली, शाल कुठे गेली कुणास ठाऊक, हत्ती मात्र हॉलमध्ये आला.

पहिले काही महिने अण्णा नुसते खिडकीत बसून असत. त्यांच्या हॉलची खिडकी थेट गेटकडे जाणाऱ्या वाटेवर उघडते. मी ऑफिसला निघाले की विचारायचे, "काही हवं का?" मी म्हणायचे, "नको अण्णा, काही नको." एकदा मी घाईत नव्हते म्हणून थांबले, तर म्हणाले, "तीस वर्षं माणसं माझ्याकडे मागायला येत होती हो. आता घरात मीच चहा मागतो." मी हसले. अण्णा हसले नाहीत. त्या माणसाला पैसा नको होता, मान नको होता, फक्त कुणीतरी खिडकीशी येऊन काहीतरी मागायला हवं होतं. त्यावाचून ते खरोखर सुकत चालले होते. शर्टाची कॉलर मोठी दिसायला लागली होती.

म्हणून मग दुकान. भेटवस्तूंचंच का, तर अण्णांचं म्हणणं असं की किराणा माणूस सवयीने नेतो, औषध नाइलाजाने नेतो. भेटवस्तू हीच एक अशी वस्तू की ती घेताना माणूस गोंधळलेला असतो आणि कुणालातरी विचारतो.

अण्णांनी योजना आखायला घेतली. आधी बाजाराची पाहणी. जुन्या पनवेलच्या बाजारात भेटवस्तूंच्या एका दुकानासमोर अण्णा तीन दुपारी उभे राहिले. हातात पॅड, खिशाला दोन पेनं, कोण येतं, काय बघतं, काय नेतं याची टिपणं चालू. पहिल्या दिवशी दुकानदाराने दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी त्याने आतून स्टूल पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतः लस्सी घेऊन बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मागच्या साली सगळं क्लिअर केलंय. तुमच्या ऑफिसात विचारा." अण्णांनी लस्सी प्यायली, त्याला सांगितलं की तुमच्या दुकानात माल जमिनीवर ठेवलेला आहे, हे बरोबर नाही, खाली फळ्या टाका. दुकानदाराने त्याच संध्याकाळी फळ्या टाकल्या आणि अण्णांना एक की-चेन भेट दिली. अण्णांनी तिची पावती मागितली.

मग भांडवल. अण्णा बँकेत गेले. सोबत काकूही गेल्या होत्या म्हणून हे कळलं. मॅनेजर तरुण होता, नम्र होता. त्याने विचारलं, "काका, महिन्याला विक्री साधारण किती धरलीय?" अण्णा म्हणाले, "विक्री शक्यतो कमीच."

"म्हणजे?"

"मालाच्या सुरक्षिततेवर भर राहील."

मॅनेजरने काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं. मग अण्णांनीच मॅनेजरला विचारलं की तुमच्या मागच्या कपाटातल्या फायलींना क्रमांक का नाहीत, आणि वरच्या खणातली ती लाल फाईल आडवी का. कर्ज मिळालं नाही. मॅनेजरने ती लाल फाईल मात्र उभी केली, हे काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

घरी आल्यावर काकूंनी हातातल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. म्हणाल्या, "या मोडा. एकदाचं काय ते दुकान काढा आणि हसायला लागा." अण्णांनी पाटल्या उचलून परत त्यांच्या हातात घातल्या आणि म्हणाले, "वापरात असलेला माल मोडीत काढता येत नाही." अण्णांच्या भाषेत याच्याहून मोठं प्रेमाचं वाक्य नसावं.

भांडवल शेवटी माळ्यावर सापडलं. लोणच्याची बरणी काढायला अण्णा शिडीवर चढले आणि मागून एक खोकं घसरून त्यांच्या डोक्यावर पडलं. आत लेमन सेट. त्याच्यामागे दुसरं खोकं, आत लेमन सेट. अण्णा कपाळावरचं टेंगूळ चोळत शिडीवरच बसून राहिले आणि त्यांना दिव्य दृष्टी लाभली. म्हणाले, "मालती, हे आपल्या एका घरात आहे. बिल्डिंगमध्ये किती घरं!"

आता यात खोटं काय आहे? आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर न फोडलेली खोकी नाहीत? लग्नात आलेली, वास्तुशांतीला आलेली, बारशाला आलेली. बाउल सेट, फ्लॉवरपॉट, रंगीत राधाकृष्ण, एकात एक बसणारे डबे. आपण ती वापरत नाही, टाकत नाही. 'कुणाला तरी द्यायला होईल' म्हणून जपतो. अण्णांची योजना साधी होती. प्रत्येकाने आपली नको असलेली खोकी दुकानात जमा करायची, पावती घ्यायची. हेच भांडवल. पुढे कुठे आहेर करायची वेळ आली की तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तू दुकानातून न्यायची. बाहेरच्या गिऱ्हाइकाने पैसे देऊन न्यायची, आणि त्यातून विजेचं बिल निघायचं.

सोसायटीचे सेक्रेटरी गुप्तेसाहेब यांची परवानगी लागणार होती. गुप्तेसाहेब म्हणजे शिस्तीचा माणूस; जिन्यात चपला दिसल्या की ते फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकत. त्यांनी विचार करून परवानगी दिली ती अशी: "दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत, तात्पुरती. एकही तक्रार आली की त्याच दिवशी खिडकी बंद." अण्णांनी हे लेखी घेतलं. खिडकी बंद झाली तर हा माणूस पुन्हा सुकणार, हे काकूंना दिसत होतं आणि मलाही.

पुढचे आठ दिवस बिल्डिंगमध्ये लिफ्ट मिळेना. ज्याच्या त्याच्या हातात खोकं आणि चेहऱ्यावर सुटकेचा आनंद. आमच्याकडून एक लेमन सेट गेला. अण्णा प्रत्येक वस्तू उलटसुलट करून बघत आणि हमखास एक प्रश्न विचारत: "दाता कोण?" कारण उघड होतं. पाटकरबाईंनी सावंतांना दिलेला फ्लॉवरपॉट दुकानात पाटकरबाईंच्याच नजरेला पडला तर? म्हणून अण्णा वस्तूच्या तळाला पट्टी चिकटवत: 'दाता: पाटकर. दात्यास दाखवू नये.'

त्यात एक गंमत झाली. एक प्रकारचं भिंतीवरचं घड्याळ पहिल्याच दिवशी सकाळपासून यायला लागलं. तपकिरी चौकट, खाली लंबक, दर तासाला एक मंजुळ धून आणि धून संपली की पाखराची शीळ. सावंतांनी आणलं, "दाता कोण?" म्हटल्यावर इकडेतिकडे बघून ते म्हणाले, "हिच्या माहेरहून." तासाभराने कुलथ्यांनी तसंच आणलं. तेही माहेरहून. मग पाटकरांनी, मग तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांनी. सगळीच माहेरची. अण्णा मला म्हणाले, "एवढ्या वेगवेगळ्या गावच्या लेकी, पण माहेरची आवड बघा कशी एक!" काच असल्यामुळे त्यांनी ती सगळी खोक्यांतच ठेवली, खालच्या फळीवर. मीही त्यात काही वावगं पाहिलं नाही. आम्ही भाडेकरू, बिल्डिंगचा पूर्वेतिहास आम्हाला काय माहीत?

दसऱ्याला खिडकी उघडली. ग्रिलला एक छोटी पितळी घंटा बांधली होती. आत हॉलभर फळ्या, मधोमध सोफ्यावर अण्णा, आणि सगळ्यात वरच्या फळीवर हत्ती. भांडवल सगळ्यांनी घातलं तर आपणही काहीतरी घालायला हवं, म्हणून अण्णांनी हत्ती मांडला होता. आणि अख्ख्या दुकानात लोकांना हवीशी वाटणारी ती एकच वस्तू होती. ज्याने त्याने घंटा वाजवावी आणि विचारावं, "हत्ती केवढ्याला?" अण्णा चष्मा कपाळावर ढकलायचे. त्यांच्या गालांवर रंग चढायचा.

"आहे. पण मिळणार नाही."

गुप्तेसाहेबांची मुलगी केतकी तर रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना थांबायची. "अण्णा, हत्ती?" "चिठ्ठी आणलीस?" "उद्या आणते." "मग उद्या बघू." ती उद्याही तशीच यायची, तेही तेच म्हणायचे, आणि दोघंही खूश असायची.

बाकीच्या वस्तूंनाही चिठ्ठी लागायची. नाव, वस्तू, कारण, आणि खाली मंजुरी म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची सही. समोरच्या बिल्डिंगमधले साठीचे गृहस्थ बायकोच्या वाढदिवसासाठी कप घ्यायला आले, तर अण्णांनी त्यांना आईची सही आणायला परत पाठवलं. पैशांसाठी क्यूआर कोडची पाटी होती, पण ती अण्णांनी आतल्या खोलीत कपाटाच्या दारामागे लावली होती. बाहेर लावली तर कुणीही येऊन पैसे देईल, असं त्यांचं म्हणणं.

आणि पडदा. दाता दुकानाशी आला की त्याने दिलेली वस्तू झाकायला हवी, म्हणून फळ्यांपुढे दोऱ्यांवर जुन्या चादरी लावल्या होत्या. अण्णा खिडकीतून वाटेवर नजर ठेवून असत. पाटकरबाई दिसल्या की आवाज द्यायचे, "अगं, ऊन येतंय!" की काकू स्वयंपाकघरातून धावत येऊन डावीकडची चादर ओढायच्या. सावंत दिसले की उजवीकडची. एकदा परतीच्या भर पावसात, आभाळ काळंकुट्ट असताना, पाटकरबाई आणि सावंत एकाच छत्रीतून आले. "ऊन! ऊन! दोन्हीकडून ऊन!" असं अण्णा ओरडले आणि काकूंनी दोन्ही चादरी ओढल्या. दुकानात मग अण्णा, हत्ती आणि एक टेबलफॅन एवढंच दिसत होतं. पाटकरबाई म्हणाल्या, "अय्या, सगळा माल खपला वाटतं!" आणि आनंदाने पेढे घेऊन आल्या.

अण्णांना त्यांच्याच तालावर नाचवलं ते एकट्या हिराबायने. ही उरणकडून यायची, मासळी घेऊन, आमच्या बिल्डिंगचं ठरलेलं गिऱ्हाईक सांभाळून. भाचीच्या मुलीच्या वाढदिवसाला काहीतरी न्यायचं म्हणून तिने घंटा वाजवली.

"ओ अन्ना, यो हत्ती केवड्याला?"

"आहे. पण मिळणार नाही."

"नाय म्हंजे? इकाला ठेवलाय का नुसता बगाला?"

"चिठ्ठी लागेल. वर घरातल्या मोठ्या माणसाची सही."

हिराबायने टोपली खाली ठेवली, पदर खोचला. "माज्या घरान मीच मोटी हाय. आनि मी तुमाला मावरा देताना कागुद मागते का? तुमी बोलता सुरमय, मी देते सुरमय!" अण्णा म्हणाले, नियम तो नियम. हिराबाय टोपली उचलून चालती झाली. दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा अण्णा स्वतः पिशवी घेऊन बाहेर गेले. "हिराबाय, पापलेट आहे का?"

हिराबायने कपाळावर नसलेला चष्मा वर ढकलला. "हाय. पन मिलनार नाय."

अण्णा पोतनीस माशांवाचून दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने हिराबायच्या नावची चिठ्ठी लिहिली, मंजुरीच्या जागी तिचीच सही घेतली, आणि तिला एकात एक बसणारे डबे दिले. हत्ती नाहीच. तेव्हापासून मात्र दर खेपेला ती मासळी तोलता तोलता विचारायची, "अन्ना, हत्ती अजून हाय ना?"

एवढं सगळं असूनही विजेचं बिल निघत होतं. याचं रहस्य मागच्या बाल्कनीत होतं. अण्णा दुपारी झोपले की काकू तिथून विनाचिठ्ठी, हसतमुखाने, भराभर माल विकत. संध्याकाळी अण्णा माल तपासायचे आणि वस्तू कमी भरली की पुढे लिहायचे, 'तूट. कारण: मालती.' म्हणजे त्यांना माहीत होतं. पण तूट हा स्टोअरकीपरला मान्य असलेला प्रकार आहे, विक्री नाही.

वैशाखात केतकीचं लग्न ठरलं. अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण. सगळे एकामागून एक खिडकीशी आले, कारण जमा केलेल्या भांडवलातून आहेर नेण्याची हीच वेळ होती. रांग पार गेटपर्यंत गेली. मी वरून पाहत होते. अण्णांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. चष्मा कपाळावरून खाली यायला वेळच मिळत नव्हता. कारखान्याचा नियम त्यांनी इथेही लावला: जो माल आधी आला, तो आधी जाणार. आधी काय आलं होतं? घड्याळं. शिवाय दात्याच्या पट्टीवर सगळीकडे 'माहेर' लिहिलेलं, म्हणजे धोका नाही. अण्णांनी प्रत्येक घड्याळ पुसलं, त्यात नवे सेल घातले, कारण माल चालू स्थितीत गेला पाहिजे. आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळवली. आणि रिसेप्शनच्याच संध्याकाळी, सात वाजून गेल्यावर, चकचकीत कागदात सीलबंद करून एकेक दिलं. सावंतांनी विचारलं, "आत काय आहे?" "माल आहे," अण्णा म्हणाले. घड्याळ आपण एकट्यानेच दिलं होतं, या समजुतीत सावंतही निश्चिंत, पाटकरही निश्चिंत, कुलथेही निश्चिंत.

रिसेप्शनला आम्ही सगळे रांगेत उभे होतो. स्टेजच्या बाजूला टेबलावर आहेरांचा ढीग. गुप्तेसाहेब फेटा बांधून, घाम पुसत, हसत उभे. आठ वाजले.

टेबलावरून मंजुळ धून सुरू झाली. एका पुडक्यातून नाही, सगळ्यांतून. अण्णांनी वेळ इतकी काटेकोर लावली होती की कुठे एक क्षण मागेपुढे नाही. शहनाईवाला गोंधळून थांबला. धून संपली आणि मग सगळी पाखरं एकदम शीळ घालायला लागली.

गुप्तेसाहेबांचा चेहरा बदलला. ते टेबलापाशी गेले, एका पुडक्याला कान लावला, दुसऱ्याला लावला. मग एक पुडकं उघडलं. घड्याळ उलटं केलं. मागे कुणीतरी चिकटवलेला कोरा कागद नखाने सोलला, तर खाली छोट्या अक्षरांत लिहिलं होतं: 'गुप्ते परिवाराकडून सप्रेम.'

बिल्डिंगमध्ये ज्याच्या ज्याच्या घरी कार्य झालं होतं, त्याला त्याला गुप्तेसाहेबांनी वर्षानुवर्षं हेच घड्याळ दिलं होतं. सेक्रेटरीचं घड्याळ काढून टाकतोय हे कबूल करायची कुणाची छाती नव्हती, म्हणून ती सगळी माहेरची झाली होती. सावंत अचानक आइस्क्रीम बघायला गेले. पाटकरबाई पर्समध्ये तोंड घालून काहीतरी शोधू लागल्या. कुलथे तर जेवायचेच थांबले होते, ते न जेवता घरी गेले.

अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. मला वाटलं, हे आता हसतील. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "माझ्या स्टोअरमधून चुकीचा माल गेला," ते पुटपुटले. "ज्याचा माल त्यालाच. उभ्या नोकरीत असं झालं नाही." काकू म्हणाल्या, "गेलं आता दुकान." पुन्हा वळून बघते तर अण्णा शेजारी नव्हते.

हॉल घरापासून जवळच होता. थोड्या वेळाने अण्णा परत आले ते झपाझप चालत, धापा टाकत, काखेत हत्ती. ना कागद, ना रिबीन. रांग बाजूला सारून ते थेट स्टेजवर चढले आणि केतकीपुढे हत्ती धरला.

केतकी बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "अण्णा, चिठ्ठी नाही आणली मी."

"राहू दे," अण्णा म्हणाले.

माझ्या शेजारी काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं, लपवून काय करायचं? खलाशांच्या पैशांचा तो हत्ती होता. त्याच्यामुळे रोज दहा माणसं खिडकीशी थांबत होती, आणि उद्या खिडकीच राहणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्तेसाहेब खाली आले. बिल्डिंगमधली सगळी दारं बंद आणि सगळ्या दारांमागे माणसं. मी तर आमच्या बाल्कनीत रोपांना पाणी घालत होते. त्या दिवशी रोपांना इतकं पाणी पडलं की नंतर ती कुजली. गुप्तेसाहेबांच्या मागे वॉचमन, आणि वॉचमनच्या दोन्ही हातांत घड्याळांची खोकी.

अण्णा खिडकीत उभे होते, परवानगीचा कागद हातात घेऊन, परत द्यायला.

गुप्तेसाहेबांनी तो कागद पाहिलाच नाही. खोकी ग्रिलपाशी ठेवायला लावली आणि म्हणाले, "ही जमा करून घ्या."

अण्णांनी यंत्रासारखं पेन काढलं. "दाता कोण लिहू?"

गुप्तेसाहेबांनी आजूबाजूच्या बंद दारांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लिहा, सौ.च्या माहेरहून. खरंच सांगतो अण्णा. मेहुण्याचं घड्याळांचं दुकान बुडालं तेव्हा त्याने सगळा माल माझ्या गळ्यात मारला. माझ्याच घरात अजून सोळा आहेत. वाटून वाटून संपत नाहीत हो. ती शीळ आमच्या स्वप्नात येते."

"आणि खिडकी?" अण्णांनी विचारलं.

"खिडकी कसली बंद करता? मग ही कुठे ठेवू?" असं म्हणून गुप्तेसाहेब वर गेले आणि उरलेली घड्याळंही घेऊन आले. त्या दिवसापासून ते दुकानाचे सगळ्यात मोठे भांडवलदार. बिल्डिंगमधली दारं एकेक करून उघडली, आणि सावंतांनी आदल्या रात्रीचं राहिलेलं आइस्क्रीम आणून सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर वर्षभरातच माझ्या यजमानांची बदली नाशिकला झाली. निघायच्या दिवशी टेम्पो गेटाशी उभा होता, खुर्च्या उचलून ठेवल्या जात होत्या. फरफटवायची हिंमत कुणातच नव्हती. मी खिडकीशी गेले. आत अण्णा सोफ्यावर, फळ्यांवर घड्याळं, आणि सगळ्यात वरच्या फळीवर हत्तीएवढी मोकळी जागा. तिथे त्यांनी दुसरं काही ठेवलं नव्हतं. लोक तरीही विचारायचे. हिराबाय तर मुद्दाम विचारायची. मग मी घंटा वाजवली.

"अण्णा, हत्ती आहे का?"

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. वरच्या फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "पण मिळेल."

ग्रिलमधून त्यांनी एक कोरी चिठ्ठी पुढे केली. "नाव लिहून ठेवा. न्यायला मात्र स्वतः यावं लागेल."